हॅकिंटॉशवर नेट चालत नाही? परवानग्यांना हात लावण्याआधी हे करा

साध्या इंटेल पीसीवर मॅकओएस बसतं (यालाच हॅकिंटॉश म्हणतात), स्क्रीन दिसते, आवाज येतो, आणि नेट मात्र नाही. मग माणूस शोधाशोध करतो, कुठल्यातरी जुन्या लेखात ‘रिपेअर परमिशन्स’ वाचतो आणि टर्मिनल उघडून सिस्टिमच्या फोल्डरांवर चमोड-चाऊन (परवानगी आणि मालकी बदलणाऱ्या आज्ञा) मारत सुटतो. तासाभराने नेट तर नसतंच, वर मशीनही सुरू होत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नेट न चालण्याचं कारण बहुतेक वेळा चुकीचा ड्रायव्हर, त्याची न झालेली नोंद किंवा केबलवाल्याने नेट एकाच कार्डाशी बांधणं (बाइंडिंग) यांपैकी एक असतं. परवानग्यांचा प्रश्नही येतो, पण तो शेवटी येतो आणि वेगळ्याच ठिकाणी येतो.

खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यानंतर तपासणी दिली आहे. ती पार पडल्याशिवाय पुढे सरकण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्याच मशीनवर चालवायला मुभा देतो. त्यामुळे यात बिघाड झाला तर ॲपलकडे दाद मागता येत नाही आणि कंपनीच्या कामाचं मशीन यात घालू नये. इथलं सगळं ओपनकोअर या बूटलोडरला, म्हणजे मशीन सुरू होताना मॅकओएस चढवणाऱ्या प्रोग्रॅमला, धरून आहे. क्लोव्हर या जुन्या बूटलोडरवर असाल तर आधी ओपनकोअरवर या.

टप्पा १ : तयारी

नेट नसलेल्या मशीनवर नेट दुरुस्त करायचं तर नेट लागतं, हा यातला पहिला पेच. पेनड्राइव्ह रिकव्हरी पद्धतीने बनवला असेल तर तो फक्त काहीशे एमबीचा असतो. खरं इन्स्टॉलर, साधारण १२ जीबी, ॲपलकडून बसवताना उतरतं. म्हणजे इथरनेट किंवा वायफाय इन्स्टॉलरमध्येच चालायला हवं. ‘आधी बसवू, नेटचं मग बघू’ हे इथे चालत नाही.

हाताशी काय हवं:

- ज्यावर विंडोज किंवा लिनक्स चालतं असं दुसरं मशीन. किंवा त्याच मशीनवरचं विंडोज शाबूत ठेवा.
- उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह.
- सध्याच्या ईएफआय फोल्डरची (यात ओपनकोअर, त्याच्या सेटिंग्ज आणि ड्रायव्हर असतात) प्रत, वेगळ्या पेनड्राइव्हवर. हा पेनड्राइव्ह बूट होतो हे करून बघा.
- रावटरपर्यंत पोचणारी चांगली लॅन केबल.
- शक्य असेल तर कुणाचातरी आयफोन आणि त्याची केबल. आयफोनचं यूएसबी टेदरिंग मॅकओएसला जास्तीच्या ड्रायव्हरशिवाय समजतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनना हॉर्नडिस नावाचा वेगळा केक्स्ट (मॅकओएसचा ड्रायव्हर) लागतो, म्हणजे एक भांडण मिटवायला दुसरं उकरून काढायचं. शेजाऱ्याचा आयफोन संध्याकाळपुरता मागून आणा.

बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि फास्ट बूट बंद करा. विंडोज सोबत असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. हे चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि रिअलटेकची नेटवर्क चिप अशा अवस्थेत राहते की मॅकओएसमध्ये गेल्यावर केबल लावूनही दिवा लागत नाही. मग लोक दोष ड्रायव्हरला देतात.

तपासणी: उबुंटू लाइव्हमधून बूट करा. तिथे केबलवर नेट चालतं का? चालत असेल तर चिप, पोर्ट आणि केबल ठीक आहेत. तिथेही चालत नसेल तर मॅकओएसचा नाद सोडा आणि थेट टप्पा ६ वाचा.

टप्पा २ : चिप नेमकी कोणती आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मदरबोर्डच्या खोक्यावर ‘गिगाबिट लॅन’ लिहिलेलं असतं, लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘वायफाय ६’. यावरून काहीच कळत नाही. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये एका खेपेला इंटेलचं वायफाय कार्ड असतं आणि दुसऱ्या खेपेला रिअलटेकचं. म्हणून ‘माझ्या मित्राचा सेम लॅपटॉप आहे, त्याचा ईएफआय दे’ हा मार्ग बंद समजा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली जे दिसतं त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. त्यातले दोनच तुकडे आपल्या कामाचे: ‘व्हेन’नंतरचे चार आकडे-अक्षरं म्हणजे चिप बनवणारा, आणि ‘डेव्ह’नंतरचे चार म्हणजे नेमकी चिप.

- व्हेन ८०८६ : इंटेल
- व्हेन १०ईसी : रिअलटेक
- व्हेन १४ई४ : ब्रॉडकॉम
- व्हेन १६८सी आणि १९६९ : अथेरॉस. पहिला वायफायचा, दुसरा बहुतेक केबलच्या चिपचा.
- व्हेन १४सी३ : मीडियाटेक

उदाहरण घ्या. ओळीत व्हेन १०ईसी आणि डेव्ह ८१६८ दिसलं तर ती रिअलटेक ८१११ घराण्यातली १ गिगाबिटची चिप. व्हेन तोच, पण डेव्ह ८१२५ असेल तर ती २.५ गिगाबिटची. दोघींचे केक्स्ट वेगळे आहेत आणि एकीचा दुसरीला चालत नाही. बाहेरून पोर्ट मात्र अगदी सारखे दिसतात.

‘किलर’ नावाच्या गेमिंग लॅनबद्दल सावध. ई२२००, ई२४००, ई२५०० या अथेरॉसच्या चिपा आहेत, पण ई२६०० आतून रिअलटेक. नावावर जाऊ नका, व्हेनवर जा.

दोन्ही ओळी, लॅनची आणि वायफायची, कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. कुणाकडे मदत मागायला गेलात तरी पहिला प्रश्न हाच येणार.

टप्पा ३ : योग्य केक्स्ट निवडा

आधी केबल. वायफायच्या मागे नंतर लागू. केबल चालली की बाकीचं सगळं घरबसल्या उतरवता येतं.

इंटेलच्या १ गिगाबिट चिपांना, म्हणजे आय२१७, आय२१८, आय२१९ या घराण्याला, इंटेलमॉसी लागतो. इंटेलमॉसीइथरनेट नावाचा जुना केक्स्ट अजून फिरतोय. दोन्ही एकत्र टाकू नका. आय२११ला मॉन्टेरे (मॅकओएस १२) आणि पुढच्या आवृत्त्यांवर ॲपलआयजीबी, त्याआधीच्यांवर स्मॉलट्री८२५७६. रिअलटेक ८१११ला रिअलटेकआरटीएल८१११, ८१२५ला लूसीआरटीएल८१२५इथरनेट. अथेरॉस-किलरना अथेरॉसई२२००इथरनेट. इंटेलच्या २.५ गिगाबिट आय२२५ आणि आय२२६ या चिपा त्रासदायक आहेत. त्यांच्याबद्दल प्रत्येक आवृत्तीला वेगळा बूट-आर्ग्युमेंट सांगणारे जुने लेख सापडतील. आता त्या चक्रात न पडता ॲपलआयजीसी हा केक्स्ट आधी वापरून बघा.

उतरवताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, गिटहबवरचं हिरवं ‘कोड’ बटण. त्यातून मिळते ती झिप म्हणजे कच्चा सोर्स कोड. त्यात तयार केक्स्ट नसतो. उजवीकडच्या ‘रिलीजेस’मध्ये जा आणि तिथली झिप घ्या.

दुसरं, झिपमध्ये ‘डीबग’ आणि ‘रिलीज’ असे दोन फोल्डर असतात. रिलीजमधला घ्या. डीसिम शेपूट असलेली फाइल सोबत आली तर ती ठेवू नका.

तिसरं, विंडोजमध्ये केक्स्ट हा साधा फोल्डर दिसतो. लोक तो उघडतात आणि आतला ‘कंटेंट्स’ फोल्डर तेवढा उचलून नेतात. नावासकट अख्खा फोल्डर न्यायचा.

आणखी एक. रिअलटेक ८१११चा ताजा केक्स्ट काही बोर्डांवर चालत नाही, जुना व्यवस्थित चालतो. बाकी सगळं बरोबर असूनही पोर्ट दिसत नसेल तर मागची एखादी आवृत्ती लावून बघा. ‘लेटेस्ट इज बेस्ट’ हा नियम इथे लागू नाही.

टप्पा ४ : केक्स्ट जागेवर ठेवा आणि त्याची नोंद करा

केक्स्ट जातो ईएफआय विभागात: ईएफआय फोल्डर, त्यात ओसी, त्यात केक्स्ट्स. हा विभाग फाइंडरमध्ये एरवी दिसत नाही, माउंटईएफआयसारख्या छोट्या साधनाने उघडावा लागतो, आणि तेव्हा ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो. ही परवानगी खरी आहे, ती द्यायचीच.

नुसती फाइल टाकून काम होत नाही. ओसी फोल्डरातल्या कॉन्फिग.पीलिस्ट या सेटिंग्जच्या फाइलीत कर्नल, मग ॲड, इथे प्रत्येक केक्स्टची नोंद असावी लागते आणि ‘एनेबल्ड’ चालू असावं लागतं. नोंद नसलेला केक्स्ट ओपनकोअर बघतच नाही. उलट नोंद आहे आणि फाइल नाही, असं झालं तर बूट होताना अडतं.

ही नोंद हाताने टाइप करू नका. प्रॉपरट्री हा पीलिस्ट-एडिटर उघडा, कॉन्फिग त्यात घ्या, आणि ओसी स्नॅपशॉट चालवून आपला ओसी फोल्डर दाखवा. फोल्डरात जे आहे त्याच्या नोंदी ते स्वतः करतं. मेनूत ‘क्लीन स्नॅपशॉट’ही असतो. तो आधीच्या सगळ्या नोंदी पुसून नव्याने लिहितो, म्हणजे तुम्ही बंद ठेवलेले केक्स्ट पुन्हा चालू होतात. पहिल्या उभारणीनंतर साधा स्नॅपशॉटच वापरा.

क्रमाबद्दल बरीच अंधश्रद्धा आहे. लिलू हा पायाभूत केक्स्ट यादीत वर असावा हे खरं, कारण त्याच्यावर अवलंबून असलेले केक्स्ट त्याच्यानंतरच यायला हवेत. पण टप्पा ३मधल्या इथरनेटच्या केक्स्टना लिलू लागत नाही. ते यादीत कुठेही चालतात. यादी वरखाली करत रात्र घालवू नका.

रंगीबेरंगी बटणांची कॉन्फिगरेटर ॲप टाळा. ओपनकोअरच्या आवृत्तीशी ती जुळत नसली की गुपचूप ओळी बदलतात आणि मग पाणी कुठे मुरतंय ते सापडत नाही.

तपासणी: ओपनकोअरच्या झिपमध्ये युटिलिटीजखाली ओसीव्हॅलिडेट हे कॉन्फिग तपासणारं साधन असतं. ते तुमच्या कॉन्फिगवर चालवा. शून्य चुका दिसल्याशिवाय रीस्टार्ट नाही. ओसीव्हॅलिडेट आणि ओपनकोअर एकाच आवृत्तीचे असावेत, नाहीतर नसलेल्या चुका दिसतात.

टप्पा ५ : बूट करा, पण कुठल्या ईएफआयवरून?

पेनड्राइव्हवर एक ईएफआय, एसएसडीवर दुसरा. बदल करताय पेनड्राइव्हवर आणि मशीन सुरू होतंय एसएसडीवरून, किंवा उलटं. ‘सगळं करून पाहिलं, काहीच फरक नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो. फरक शून्य म्हणजे बहुतेक बदल पोचलाच नाही.

खात्री करायला पेनड्राइव्ह काढून बूट करा. किंवा ज्या ईएफआयवर काम चालू आहे त्याच्या बूट मेनूत एखादा दिसेल असा बदल करा, उदाहरणार्थ मेनू थांबण्याचा वेळ वाढवा.

रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करा. डेस्कटॉप असेल तर मागचा स्विच अर्धा मिनिट बंद ठेवा. मग ओपनकोअरच्या मेनूतून एनव्हीरॅम (बूटच्या सेटिंग्ज जपणारी मेमरी) रीसेट करून आत जा.

तपासणी: डावीकडच्या ॲपल मेनूवर ऑप्शन कळ दाबून धरा, सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. सॉफ्टवेअरखाली एक्स्टेन्शन्समध्ये तुमचा केक्स्ट ‘लोडेड : येस’ दिसतो का बघा. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा, इथरनेट यादीत आहे का बघा.

- केक्स्ट यादीतच नाही: टप्पा ४ वर परत.
- केक्स्ट लोड झालाय पण इथरनेट नाही: चिप चुकीची ओळखली आहे किंवा आवृत्ती पटत नाही. टप्पा २ आणि ३.
- इथरनेट आहे, पण नेट नाही: ड्रायव्हरचं काम झालं. आता त्याला हात लावू नका. पुढे चला.

टप्पा ६ : इथरनेट दिसतंय, नेट नाही

नेटवर्कमध्ये इथरनेट, मग डिटेल्स, मग टीसीपी/आयपी उघडा. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर तो मशीनने स्वतःच स्वतःला दिलेला आहे. पलीकडून कुणी पत्ता दिलेला नाही. रावटर लावला असेल तर ‘रिन्यू डीएचसीपी लीज’ दाबून नवा पत्ता मागून बघा.

मुंबईत अजून कित्येक सोसायट्यांमध्ये नेट गच्चीवरच्या स्विचमधून उतरलेल्या लॅन केबलने येतं आणि ती केबल काही घरांत थेट पीसीला लावलेली असते. इथे दोन भानगडी संभवतात.

एक, पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडायचं नेट. विंडोजमध्ये तुम्ही युजरनेम-पासवर्ड टाकून जोडता, पण तो डायलर मॅकओएसमध्ये आपोआप येत नाही. नेटवर्क सेटिंग्जमध्ये नवी सर्व्हिस जोडा, प्रकार पीपीपीओई, मार्ग इथरनेट, आणि तोच युजरनेम-पासवर्ड.

दोन, मॅक बाइंडिंग. केबलवाला तुमच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) आपल्या यादीत नोंदवतो. दुसऱ्या पत्त्याचं कार्ड आलं की नेट देत नाही. कांदिवलीच्या एका मित्राकडे यूएसबी-लॅनचा डोंगल लावल्यापासून नेट गेलं होतं. तो केक्स्टमागून केक्स्ट बदलत होता, आणि केबलवाल्याला एक फोन केल्यावर पाच मिनिटांत नेट आलं. फोनवर ‘मॅक ॲपल’ म्हणू नका, गोंधळ होतो. ‘लॅन कार्ड बदललंय, मॅक ॲड्रेस रीसेट करा’ एवढंच सांगा. पत्ता डिटेल्समध्ये हार्डवेअरखाली दिसतो. तिथे नुसते शून्यच दिसले तर केक्स्टला कार्डाचा पत्ता वाचता आलेला नाही. टप्पा ३ला परत.

सगळ्यात सोपं म्हणजे मध्ये एक साधा रावटर टाकणं. मग बाइंडिंग रावटरशी होतं आणि तुम्ही मागे काहीही लावा.

केबलही बघा. गच्चीवरून आलेल्या केबलच्या प्लगमध्ये पावसाळ्यानंतर तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसतो. हार्डवेअर टॅबमध्ये कॉन्फिगर ‘मॅन्युअली’ करून वेग १०० एमबीपीएसवर आणा. १००वर चालतं आणि १०००वर तुटतं, असं झालं तर केबल गेली आहे: १००ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. नवा प्लग क्रिंप करून घ्या.

तपासणी: टर्मिनलमध्ये १.१.१.१ला पिंग करा. उत्तर येतं पण सफारीत पान उघडत नाही, तर अडचण डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची. डिटेल्समध्ये डीएनएसखाली १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका.

टप्पा ७ : वायफाय

आता कागदावरची वायफायची ओळ काढा.

रिअलटेक किंवा मीडियाटेकचं आतलं कार्ड असेल तर त्यासाठी केक्स्ट शोधू नका. कार्ड बदला. लॅमिंग्टन रोडवर कार्ड घ्यायला जात असाल तर रविवार टाळा, आणि जुनं कार्ड सोबत न्या. दुकानदार ‘चालेल ना, वायफाय-ब्लूटूथ दोन्ही आहे’ म्हणेल. तो विंडोजबद्दल बोलतोय. तुम्ही कार्डावरचं लेबल वाचा. इंटेलच्या एएक्स२०१ आणि ९५६० ही कार्डं फक्त इंटेल चिपसेटच्या खास स्लॉटमध्येच चालतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० साध्या एम.२ वायफाय स्लॉटमध्ये चालतात. आकडा एकाने चुकला तर कार्ड परत करायला पुन्हा ग्रँट रोड गाठावं लागेल. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस तर अनोळखी कार्ड लावलं की सुरूच होत नाही, तेही आधी पाहून घ्या.

इंटेलचं कार्ड: दोन पर्याय आहेत आणि त्यातला एकच टाकायचा. एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम हा स्क्रीनच्या वरच्या पट्टीत नेहमीचा वायफायचा मेनू देतो, पण तो मॅकओएसच्या नेमक्या आवृत्तीचा हवा. सोनोमासाठीच (मॅकओएस १४) १४.० आणि १४.४ असे दोन वेगळे आहेत. शिवाय कॉन्फिगमधलं सिक्युअरबूटमॉडेल ‘डिसेबल्ड’ असेल तर तो नुसता टाकून चालत नाही. दुसरा नुसता आयटीएलडब्ल्यूएम. तो वायफायला इथरनेट म्हणून दाखवतो, आणि जोडायला हेलीपोर्ट हे ॲप लागतं. दिसायला वेडाविद्रा, पण आवृत्ती बदलली तरी टिकतो. सिक्वोयावर (मॅकओएस १५) माझं मत सरळ आहे: आयटीएलडब्ल्यूएम आणि हेलीपोर्ट. इंटेलच्या कार्डावर एअरड्रॉप चालत नाही, त्यासाठी डोकं फोडू नका.

ब्रॉडकॉमचं कार्ड: फेनवी टी९१९सारखी कार्डं व्हेंच्युरापर्यंत (मॅकओएस १३) काहीही न करता चालतात. २०२३च्या सोनोमापासून ॲपलने त्यांचा आधार काढला. तिथून पुढे ओपनकोअर लेगसी पॅचरने रूट पॅच करावं लागतं, म्हणजे काढलेले ड्रायव्हर सिस्टिममध्ये परत घालावे लागतात, त्यासाठी सिस्टिमचं संरक्षण थोडं सैल करावं लागतं. एअरपोर्टबीआरसीएमफिक्सअप वापरत असाल तर त्याच्या पोटातला ४३६० नावाचा इंजेक्टर बिग सर आणि पुढच्या आवृत्त्यांवर बंद ठेवा. स्नॅपशॉट तो चालू करून टाकतो, आणि बूट अर्ध्यावर लटकतं.

इशारा: सिक्वोयापासून वायफायला ‘प्रायव्हेट पत्ता’ मिळतो आणि तो बदलू शकतो. रावटरवर मॅक फिल्टर किंवा ऑफिसात मॅक नोंदणी असेल तर त्या नेटवर्कपुरता तो ‘फिक्स्ड’ किंवा ‘ऑफ’ करा.

टप्पा ८ : आता परवानग्या

सिस्टिमच्या परवानग्या ‘रिपेअर’ करण्याचं बटण ॲपलने २०१५च्या एल कॅपिटनमध्येच काढून टाकलं. २०२०च्या बिग सरपासून तर सिस्टिमचा विभाग सीलबंद असतो, तिथे तुम्हाला लिहिताच येत नाही. शिवाय आपले केक्स्ट आहेत ईएफआय विभागात. तो फॅट३२मध्ये असतो आणि फॅट३२ला मालक, गट, परवानगी असलं काही ठाऊकच नाही. ओपनकोअर तिथून केक्स्ट उचलून थेट कर्नलला, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याला, देतो. म्हणजे नेटवर्कच्या केक्स्टवर चमोड मारून काडीचाही फरक पडत नाही.

मालकी ‘रूट’ आणि ‘व्हील’ हवी, हा सल्ला लायब्ररीतल्या एक्स्टेन्शन्स फोल्डरात ठेवलेल्या केक्स्टला लागू होतो. नेटवर्कचे केक्स्ट तिथे ठेवूच नका. आधी कुणाच्या सांगण्यावरून ठेवले असतील तर काढा, नाहीतर एकच ड्रायव्हर दोन ठिकाणांहून चढायला बघतो.

परवानगी खरोखर कुठे आडवी येते ते आता:

ॲप उघडत नाही. हेलीपोर्टसारख्या ॲपला मॅकओएस ‘उघडता येत नाही’ म्हणतं. पूर्वी उजवी क्लिक करून ‘ओपन’ केलं की चालायचं. सिक्वोयाने ती पळवाट बंद केली. एकदा उघडायचा प्रयत्न करा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन ‘ओपन एनीवे’ दाबा. त्यासाठी गेटकीपर, म्हणजे अनोळखी ॲप अडवणारा मॅकओएसचा पहारेकरीच, कायमचा बंद करणं म्हणजे उंदराला घाबरून घर जाळणं.

नेट चालतं, पण प्रिंटर किंवा एनएएस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) दिसत नाही. हे हमखास ड्रायव्हरच्या माथी मारलं जातं. सिक्वोयात प्रत्येक ॲपला घरातल्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारतात तेव्हा घाईत ‘डोन्ट अलाव’ दाबलं जातं. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग लोकल नेटवर्क, तिथे ॲपसमोरचं बटण चालू करा. पारख सोपी आहे: टर्मिनलमधून प्रिंटरच्या पत्त्याला पिंग लागतो आणि ॲपला तो सापडत नाही, तर हाच प्रश्न. टर्मिनलमधल्या साधनांना ही आडकाठी नसते.

विंडोजच्या डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. ही परवानगी नव्हेच. तो भाग एनटीएफएसचा आहे, मॅकओएस तो फक्त वाचतं. देवाणघेवाणीसाठी एक्सफॅटचा वेगळा भाग करा.

जुन्या डिस्कवरून आणलेल्या फाइलींवर लाल खूण. दुसऱ्या इन्स्टॉलच्या युजरची मालकी सोबत आली आहे. बाहेरची डिस्क असेल तर गेट इन्फोमध्ये खाली ‘इग्नोर ओनरशिप’ची खूण करा. होममध्ये आणलेला फोल्डर असेल तर गेट इन्फोत कुलूप उघडून स्वतःला ‘रीड अँड राइट’ द्या आणि ‘अप्लाय टू एन्क्लोज्ड आयटेम्स’ करा.

इशारा: हे फक्त त्या एका फोल्डरावर. अख्ख्या मॅकिंटॉश एचडीवर किंवा होममधल्या लायब्ररीवर कधीही नाही.

टप्पा ९ : ॲप स्टोअर आणि आयमेसेज

नेट चालतं, पण ॲप स्टोअर किंवा आयमेसेज लॉगिन घेत नाही. ॲपलच्या सेवांना मशीनच्या अंगचं नेटवर्क कार्ड ‘ईएन०’ या नावाने हवं असतं. केक्स्ट टाकण्याआधी तुम्ही आयफोन किंवा यूएसबी डोंगल जोडून काम चालवलं असेल, तर क्रमांकांची उलटापालट झालेली असू शकते.

सगळी बाहेरची नेटवर्क उपकरणं काढा. नेटवर्क सेटिंग्जमधल्या सगळ्या सर्व्हिसेस काढा. फाइंडरमध्ये ‘गो टू फोल्डर’ने मुख्य लायब्ररी, प्रेफरन्सेस, सिस्टिमकॉन्फिगरेशन इथे जा. तिथल्या नेटवर्कइंटरफेसेस आणि प्रेफरन्सेस या दोन पीलिस्ट फाइली डेस्कटॉपवर हलवा. पुसू नका, हलवा. रीस्टार्ट करा आणि आधी इथरनेट जोडा, मग वायफाय.

तपासणी: सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये नेटवर्क उघडून इथरनेटसमोर ईएन० आहे हे बघा. मगच ॲपल आयडी टाका. चुकीच्या अवस्थेत पुन्हापुन्हा लॉगिन करत राहिलात तर खातंच अडकू शकतं.

अपडेट आलं की

चालू मशीनवर ‘अपडेट नाऊ’ दाबण्याआधी ओपनकोअर आणि केक्स्ट ताजे करा, नवा ईएफआय आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, मग एसएसडीवर टाका. रूट पॅच केलेलं असेल तर प्रत्येक अपडेटने तो पुसला जातो आणि वायफाय जातं. पॅचरची फाइल मशीनवर उतरवून ठेवलेली असू द्या आणि लॅन केबल हाताशी. एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम वापरत असाल तर जुन्या आणि नव्या आवृत्तीचे दोन्ही केक्स्ट वेगळ्या नावांनी ठेवा, आणि कॉन्फिगमध्ये मिनकर्नल-मॅक्सकर्नलने कुठला कधी चढायचा ते ठरवा. व्हेंच्युराचं कर्नल २२ने सुरू होतं, सोनोमाचं २३ने, सिक्वोयाचं २४ने. टाहोचं २५ने, आणि इंटेल मॅकसाठीची ती शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५मध्येच जाहीर केलं आहे. ज्यांचं नेट आज सिक्वोयावर नीट चालतंय त्यांनी टाहोवर उडी मारण्याआधी वेगळ्या एसएसडीवर ते बसवून बघावं.